बरणीची रिंग पंख्याखाली

मित्रांनो, मी एक जुनी रबरी रिंग आहे. तुमच्या घरच्या कुकरला असते ना, तिची मी चुलत बहीण. तिच्यासारखा शिट्ट्यांचा थाट माझ्या नशिबी नाही. माझे काम गप्प बसण्याचे. काचेची बरणी आणि काचेचे झाकण यांच्या मधोमध मी बसते, वरून तारेची कडी खटकन लागते, आणि मग आतले आत राहते, बाहेरचे बाहेर. मला एका बाजूला छोटीशी जीभ आहे. ती बोलण्यासाठी नाही, चिमटीत धरून मला ओढून काढण्यासाठी आहे. आज मात्र मी तिचा गैरवापर करणार आहे.

माझा जन्म एका कारखान्यात, तापलेल्या साच्यात झाला. एका दाबात आम्ही चोवीस बहिणी बाहेर पडलो. तेव्हा मी दुधासारखी पांढरी होते, आता गाजराच्या रंगाची झाले आहे. तपासणारी बाई प्रत्येकीला दोन बोटांवर ताणून बघायची आणि जिला चीर दिसेल तिला बाजूला टाकायची. मी पास झाले. तशी मी पहिल्यापासून गुणाची, हे माझे मीच सांगते, कारण दुसरे कोणी सांगणार नाही. रिंग नीट काम करते तोवर तिचे नाव कोणी घेत नाही.

मला बरणीसकट विकत घेतले ते कॉलरवालीने. ती शिवणकामाच्या कारखान्यात दिवसभर शर्टांच्या कॉलरी शिवायची, म्हणून सगळे तिला त्याच नावाने ओळखत. ती फार दूरच्या देशातून कामासाठी आली होती आणि माझ्या बरणीत किमची घालायची. किमची म्हणजे काय ते सांगते. कोबीची पाने मिठात मुरवायची, त्यांना लसूण, आले आणि भरपूर लाल मिरची चोळायची, बरणीत दाबून भरायची आणि आंबू द्यायची. चव अशी की जीभ खडबडून जागी होते. वास असा की शेजारीही जागे होतात. तेवढ्यासाठी तर मी होते.

कॉलरवालीच्या शेजारच्या मशीनवर धाकटी बसायची; सासरी धाकटी सून, म्हणून हे नाव. ती शर्टांना काजे करायची. एकदा तिला असा ताप आला की ताप गेला, पण तोंडाची चवही घेऊन गेला. तीन महिने तिला अन्न मातीसारखे लागत होते. ती वाळून काटकी झाली. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत कॉलरवालीने न विचारता तिच्या डब्यातल्या भातावर चमचाभर किमची ठेवली. धाकटीने घास घेतला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले.

"तिखट लागलं!" ती ओरडली. "अगं, मला तिखट लागलं!"

आजूबाजूच्या मशीनवाल्या बाया हसल्या, पण कॉलरवालीचेही डोळे भरले होते. त्या दिवसापासून दोघींचे मेतकूट जमले. पुढे कॉलरवाली आपल्या लेकीकडे कायमची परत निघाली, तेव्हा तिने ही बरणी धाकटीच्या हातात दिली. सोबत मोडक्यातोडक्या भाषेत चार गोष्टी शिकवल्या. बरणी गळ्यापर्यंत भरू नको, चार बोटे जागा सोड. भाजी तिच्या पाण्याखाली दाबून ठेव. झाकण लावण्याआधी काठ कोरड्या फडक्याने पूस. आणि रिंग काढून धू, सावलीत वाळव, पुन्हा बसव.

"बरणी मोठी, रिंग छोटी," ती म्हणाली. "पण घर रिंग सांभाळते."

माझ्या आयुष्यातली ही पहिली स्तुती. अजून मला ती पाठ आहे.

अशी मी धाकटीच्या सासरी आले. घरात दोघे भाऊ, दोन जावा, सासरे म्हणजे बाबा, आणि थोरलीची सात वर्षांची मुलगी टिल्ली. स्वयंपाकघर एक, फ्रिजही एकच. खरी गोम इथेच होती, कारण थोरली जाऊ घरी केक बनवायची. आसपासच्या चार गल्ल्यांत कोणाचाही वाढदिवस असो, केक थोरलीचाच. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात तिचे लोणी आणि क्रीम. आता लोणी आणि क्रीम या जातीला दुसऱ्याचा वास चटकन लागतो. शेजारी काय शिजतेय ते यांना आधी कळते.

बरणी पहिल्यांदा पाहिली तेव्हा थोरलीने नाकाला पदर लावला.

"काय मेलं सडवून ठेवलंयस गं हे?"

"सडवलं नाही ताई, आंबवलंय."

"तेच ते. माझ्या क्रीमला वास लागला तर मी तुला आंबवीन."

पण वास लागला नाही. धाकटी पक्की. नवी किमची भरली की पहिले दोन दिवस ती बरणी ओट्यावर, खाली ताटली देऊन ठेवायची. आंबताना भाजीत वारा धरतो, म्हणून ती रोज खिडकीशी नेऊन एकदा झाकण उघडायची. फुस्स! बरणीने ढेकर दिला की काठ पुसून पुन्हा बंद. मग खालच्या कप्प्यात रवानगी. वाढायला घेताना फ्रिजमध्ये कधी झाकण उघडायचे नाही, आधी बरणी बाहेर काढायची. दोन वर्षे वर क्रीम आणि खाली किमची अशी गुण्यागोविंदाने राहिली. पहिल्या सहा महिन्यांत थोरलीच भातावर किमची मागून घेऊ लागली, तेही जणू धाकटीवर उपकार करतेय अशा चेहऱ्याने.

बाबांची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचे सगळे रामायण त्यांनीच घडवले. बाबा निवृत्त प्लंबर. चाळीस वर्षे त्यांनी लोकांचे नळ दुरुस्त केले होते. रबराच्या कुठल्याही गोल वस्तूला ते वायसर म्हणत. त्यांच्या खोलीत एक पत्र्याचा डबा होता, त्यात शेकडो वायसर, खिळे, चाव्या आणि कशाचे आहेत ते देवालाही ठाऊक नसलेले भाग होते. त्यांची दोन वाक्ये घरात सर्वांना पाठ होती. पहिले, "गळती लागली की आधी वायसर बघा, मग माणसाला बोला." दुसरे, "ज्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय उचलू नये." दुसरे वाक्य ते टिल्लीला दिवसातून दोनदा ऐकवत.

एका रविवारी बरणी रिकामी झाली. धाकटीने मला कोमट पाण्याने धुतले. स्वयंपाकघराच्या खिडकीत ऊन भाजत होते आणि उन्हाने आम्हां रबरवाल्यांना चिरा पडतात. म्हणून तिने मला बाबांच्या खोलीच्या खिडकीत, सावलीला, एका रुमालावर ठेवले. तेवढ्यात कारखान्यातून बोलावणे आले, माल तातडीने पाठवायचा होता. कोबी मिठात मुरून तयार होता. धाकटीच्या नवऱ्याला उत्साह आला.

"तू जा, मी भरतो. त्यात काय एवढं?"

त्याने खरेच मन लावून भरली. मात्र रिंग नावाची काही चीज असते हे त्या भल्या माणसाला दोन वर्षांत दिसलेच नव्हते. भाजी सांडू नये म्हणून त्याने बरणीच्या तोंडाला प्लॅस्टिकचा कागद लावला, दोऱ्याने बांधला, त्यावर झाकण दाबले आणि कडी लावली. संध्याकाळी धाकटी दमून आली. एवढी पक्की बांधाबांध पाहून तिला कौतुक वाटले. कागदाखाली मी असेन असे तिने धरून चालले. ती किमची पंधरा दिवस मुरवायची होती, आणि कारखान्यात घाई चालूच होती, म्हणून या वेळी ओट्यावरच्या दोन दिवसांतही तिने झाकण उघडले नाही, बरणी तशीच खालच्या कप्प्यात गेली.

आणि मी? मी दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या हाती लागले. त्यांच्या खोलीत स्टुलावर एक टेबल फॅन होता. तो लावला की स्टूल आणि पंखा मिळून अशी खडखड करत की रेडिओ ऐकू येत नसे. बाबांनी मला उचलले, ताणून पाहिले आणि स्वतःशीच म्हणाले, "जुन्या कुकरची दिसतेय. वाया चालली होती." त्यांनी पंखा उचलला, बुडाखाली मला सरकवले, बटण दाबले. पंखा मांजरासारखा मऊ गुरगुरू लागला. बाबा इतके खूश झाले की त्यांनी घरातल्या सर्वांना बोलावून तो न होणारा आवाज ऐकवला.

खोटे कशाला बोलू, मलाही बरे वाटले. अंधार नाही, गारठा नाही, मिरचीचे पाणी नाही, आणि रोज वाहवा. पण दोनच दिवसांत स्वयंपाकघरातून वेगळीच बोलणी ऐकू येऊ लागली. बाबांची खोली स्वयंपाकघराला लागून आहे आणि दार कायम उघडे असते.

"फ्रिज उघडला की कोणीतरी तोंडावर लसूण मारल्यासारखं होतं," थोरली म्हणाली.

धाकटी घाबरली. तिने बरणीला एक पिशवी घातली. वास आला. दुसरी पिशवी घातली, वरून वर्तमानपत्र गुंडाळले, चिकटपट्टी मारली. तरी वास आलाच. मग टॉवेल. एखाद्या बाळंतिणीला गुंडाळावे तशी ती बरणी गुंडाळली गेली. जोडीला फ्रिजमध्ये खायच्या सोड्याची वाटी आली, कोळसा आला, लिंबाच्या साली आल्या. फ्रिजचे वैदूचे दुकान झाले. पण बरणी उघडून आत बघावे असे कोणाच्या डोक्यात आले नाही. उघडली तर आणखी वास येईल ना! मी पंख्याखालून जीव तोडून ओरडत होते, पण माझी जीभ कसली, तुम्हाला सांगितलेच आहे.

वर आणखी गंमत झाली. इतकी वर्षे किमचीशेजारी काढल्यावर माझ्या अंगाला तिचा थोडा वास मुरला होताच. पंखा सुरू झाला की तो वास खोलीभर फिरे.

"आजोबांच्या पंख्याला किमचीचा वास येतो," टिल्लीने जाहीर केले.

"बघ," थोरली धाकटीला म्हणाली, "आता बाबांच्या खोलीपर्यंत पोचला वास."

म्हणजे जिच्यामुळे वास थांबायचा तिच्याचमुळे धाकटीवरचा आरोप पक्का झाला. मला त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मग तो फोन आला. गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंच्या मुलीच्या वाढदिवसाला थोरलीने केक दिला होता. बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "केक सुंदर होता हो. फक्त एक विचारू का? तुम्ही त्यात लसूण घालता का?"

 थोरलीच्या हाताला आजवर कोणी नाव ठेवले नव्हते. शनिवारी तिला लग्नाचा तीन मजली केक द्यायचा होता, तिच्या आयुष्यातला सर्वांत मोठा.

"एकतर ती बरणी या फ्रिजमध्ये राहील, नाहीतर माझं क्रीम," ती धाकटीला म्हणाली. "मला भांडायचं नाही गं. पण माझं काम आहे हे."

"शनिवारच्या आत बरणी देऊन टाकते, ताई," धाकटी म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे झाले असते.

दोघे भाऊ काय करत होते? थोरला म्हणाला, मला सर्दी आहे, मला कसलाच वास येत नाही. धाकटा म्हणाला, मी तर नीट भरली होती. दोघेही खरेच बोलत होते आणि दोघांचाही उपयोग शून्य होता.

गुरुवारी संध्याकाळी धाकटी ओट्याशी उभी राहून नवऱ्याला हळूच म्हणाली, "आपण वेगळी खोली बघू या का? एका बरणीसाठी नाही म्हणत मी. ताईंच्या कामात माझा अडथळा होतोय. आज बरणी आहे, उद्या आणखी काही असेल."

 बाबा पंख्यासमोर बसले होते. त्यांनी ते ऐकले आणि त्यांच्या हातातला रेडिओ तसाच राहिला. एका फ्रिजपायी घराची दोन घरे होणार होती. ते उठले, भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरच्या पानाची एक पट्टी फाडली आणि स्वयंपाकघरात गेले. जाताना दोघी सुनांना हाक मारली.

"गळती लागली की आधी काय बघायचं?"

"वायसर," टिल्ली म्हणाली.

बाबांनी पट्टी फ्रिजच्या दारात धरली, दार लावले आणि पट्टी ओढली. ती घट्ट पकडलेली होती. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे दाराचे रबर पक्के.

"दार शाबूत आहे. आता ही बाळंतीण सोडा."

टॉवेल निघाला, वर्तमानपत्र निघाले, दोन पिशव्या निघाल्या, कडी उघडली, दोरा आणि कागद निघाला. बाबांनी पट्टी बरणीच्या काठावर ठेवली, झाकण दाबून कडी लावली आणि नुसते एका बोटाने ओढले. पट्टी लोण्यातून सुरी यावी तशी बाहेर आली.

"हिचा वायसर कुठाय?"

धाकटीने तोंडावर हात ठेवला. "रिंग! अगं बाई! मी धुऊन ठेवली होती. बाबा, तुमच्या खिडकीत, रुमालावर, सावलीला."

बाबा "बघतो" म्हणून खोलीत आले आणि पंख्यासमोर उभे राहिले. मित्रांनो, सत्तरीचा माणूस लहान मुलासारखा घाबरलेला मी तेव्हाच पाहिला. त्यांनी दाराकडे पाहिले, पंखा बंद केला, मला काढले, सदऱ्याच्या टोकाने माझी धूळ पुसली. बाहेर जाऊन म्हणाले, "सापडली. खिडकीखाली पडली होती."

कोणी शंका घेतली नाही. धाकटीने मला साबणाने दोनदा धुतले, कोरडे केले आणि जागेवर बसवले. बाबांनी पट्टी लावून ओढली. पट्टी फाटली, पण सुटली नाही. धाकटीने सुटकेचा श्वास सोडला, मात्र थोरली गंभीरच होती.

"एक दिवस बघू," ती म्हणाली. "उघड्या वाटीत क्रीम ठेवते बरणीशेजारी. उद्या संध्याकाळी कळेल."

सगळे जेवायला बसले. उकडत होते, म्हणून टिल्लीने धावत जाऊन बाबांच्या खोलीतला पंखा लावला.

खडखडखडखड!

थोरलीचा घास हातातच थांबला. "बाबा, पंख्यावर तुम्ही इलाज केला होता ना? काय घातलं होतंत खाली?"

बाबा चमच्याने ताटातला भात उगाच ढवळू लागले.

"मी म्हटलं होतं ना," टिल्ली दारातून ओरडली, "आजोबांच्या पंख्याला किमचीचा वास येतो!"

बाबांनी चमचा खाली ठेवला. "चोर मी आहे," ते म्हणाले. "पंख्याखाली मीच घातली होती. आणि आत्ता तुमच्याशी खोटंही बोललो. पोरीला दिवसातून दोनदा सांगतो, विचारल्याशिवाय वस्तू उचलू नये, आणि मी..." ते धाकटीकडे वळले. "खोली बघायला जाणार असशील तर आधी मला दोन शिव्या दे आणि मग जा."

खोलीची गोष्ट थोरलीला तोवर ठाऊकच नव्हती. "कसली खोली?" ती म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला. "एवढं लागलं तुला माझं बोलणं? मला सांगायचं तरी."

"तुमचं काय चुकलं, ताई?" धाकटी म्हणाली आणि रडायलाच लागली. थोरली उठली, तिच्या पाठीवर हात फिरवू लागली, आणि फिरवता फिरवता तिला हसू फुटले. "अगं, आपण बरणीला टॉवेल गुंडाळत बसलो आणि इकडे रिंग हवा खातेय!" मग सगळेच हसले. बाबा सर्वांत शेवटी हसले. पंखा तिकडे खडखडत होता, पण तो बंद करायला कोणी उठले नाही.

शुक्रवारी संध्याकाळी थोरलीने ती वाटी बाहेर काढली. बाबांनी प्रायश्चित्त म्हणून चव घ्यायची असे ठरले होते. त्यांनी डोळे मिटले आणि चमचा तोंडात घातला. धाकटी ओट्याला घट्ट धरून उभी होती. झाकणाखाली मी माझ्या सगळ्या ताकदीने बसले होते.

"गोड," बाबा म्हणाले. थोडे थांबून पुन्हा म्हणाले, "नुसतं गोड."

शनिवारी वरच्या कप्प्यांत केकचे तीन मजले सुटे सुटे ठेवले होते आणि खालच्या कप्प्यात आमची बरणी होती. केक गेला तेव्हा पेटीचे दुसरे टोक धाकटीने धरले होते. खोलीचा विषय नंतर कोणी काढला नाही.

मित्रांनो, माझे सांगून झाले. तुमच्या घरात माझ्यासारखी कोणी असेल तर तिला कोमट पाण्याने धूत जा, उन्हात टाकू नका, आणि वास आला की बरणीला पिशव्या घालण्याआधी एकदा झाकण उघडून बघा. माणसांना बोल लावण्याआधीही बघा.

आता माझे वय झाले आहे. जिभेपाशी एक बारीक चीर दिसू लागली आहे. धाकटीने खणात नवी रिंग आणून ठेवली आहे, दुधासारखी पांढरी. मला तिचा हेवा वाटत नाही, कारण माझा पुढचा मुक्काम ठरलेला आहे. परवा बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, आत न येता.

"पोरी, ती रिंग जुनी झाली की मला देशील का? पंख्यासाठी हवी होती."

"न्या की, बाबा," धाकटी म्हणाली. "त्यात विचारायचं काय?"

"विचारायचं असतं," बाबा म्हणाले आणि आपल्या खडखडत्या पंख्याकडे परत गेले.